आप्तवाक्य कीं तराजू?

आमच्या वाचकांत व्यापारी पेशाचे गृहस्थ पुष्कळ आहेत. म्हणून आजच्या विषयास आरंभ करण्यापूर्वीं आम्ही त्यांसच एक साधा प्रश्न विचारतों. गुळाची ढेप किंवा कापसाची गांठ विकावयास आली, आणि विकणारा गृहस्थ कितीहि वयोवृद्ध, कितीहि सत्यवादी व तुमच्या वडिलांचा कितीहि जुना स्नेही असला, तरी वजन केल्यावांचून तुम्ही त्यास पैसे देतां काय? देत नाहीं. यांत त्या गृहस्थाचा अपमान होतो असें तुम्हांस वाटत नाहीं व त्यासहि वाटत नाहीं. कारण तराजू हा कोणाच्या अब्रूवर शिंतोडे उडविण्यासाठीं टांगलेला नसून दोघांमधील वाद मिटविण्यासाठीं टांगलेला असतो, हें उभयतांस ठाऊक असतें. आतां दुसरा प्रश्न. जो मनुष्य पेढीवर एक ढेप वजनावांचून घेत नाहीं, तोच मनुष्य घरीं गेल्यावर सृष्टीविषयींचीं, शरीराविषयींचीं आणि रोगांविषयींचीं मतें मात्र न तोलतां, केवळ ‘मोठ्यांनीं सांगितलें आहे’ एवढ्यावर पदरांत कां घेतो? या प्रश्नाचें उत्तर युरोपखंडास सुमारें चारशें वर्षांपूर्वीं द्यावें लागलें, आणि तें देतांना त्यास आपल्या परमपूज्य ग्रीक गुरूंपासून फारकत घ्यावी लागली. ती फारकत कशी झाली, व तींत नेमकें काय टाकलें आणि काय राखलें, हें आज सांगावयाचें योजिलें आहे.

या विषयासंबंधानें दोन गैरसमज सर्वत्र रूढ आहेत. कित्येकांस असें वाटतें कीं, प्राचीन ग्रीक लोक भोळे व अडाणी होते, अर्वाचीन लोक शहाणे निघाले, आणि शहाण्यांनीं अडाण्यांस बाजूस सारलें. यांत नवल तें काय? दुसऱ्या कित्येकांस असें वाटतें कीं, अर्वाचीन शास्त्र हें ग्रीक तत्त्वज्ञानाच्याच झाडास लागलेलें फळ होय; फारकत वगैरे कांहीं झालीच नाहीं. आमच्या मतें हे दोन्ही पक्ष चुकीचे आहेत, आणि ते कां चुकीचे आहेत हें कळल्यावांचून या इतिहासापासून घ्यावयाचा बोध हातीं लागत नाहीं.

पहिल्या पक्षाचा समाचार आधीं घेऊं. ॲरिस्टॉटल (ख्रिस्तपूर्व ३८४–३२२) हा सामान्य पुरुष नव्हता. लेस्बॉस बेटाच्या खाडींतील मासे व इतर जलचर यांचें त्यानें बारकाईनें निरीक्षण केलें. कोंबडीचीं अंडीं ओळीनें निरनिराळ्या दिवशीं फोडून आंत पिल्लूं कसकसें घडत जातें याचें त्यानें वर्णन केलें. चंद्रग्रहणांत चंद्रावर पडणारी पृथ्वीची छाया वाटोळी असते, आणि दक्षिणेकडे किंवा उत्तरेकडे प्रवास केला असतां आकाशांतील तारे बदलतात, या दोन गोष्टींवरून पृथ्वी गोल आहे असें त्यानें सिद्ध केलें. अशा माणसास अडाणी म्हणणाऱ्यानें आधीं स्वतः एक अंडें तरी फोडून पाहिलें आहे काय, याचा विचार करावा.

मग चूक कोठें झाली? ॲरिस्टॉटलनें असें शिकविलें कीं, जड वस्तु हलक्या वस्तूपेक्षां आपल्या वजनाच्या प्रमाणांत अधिक वेगानें खालीं पडते. पृथ्वीवरील सर्व पदार्थ चार मूलतत्त्वांचे बनलेले असून प्रत्येक तत्त्व आपल्या स्वाभाविक स्थानाकडे धांव घेतें. चंद्राच्या वरचा प्रदेश मात्र पांचव्या, अविनाशी तत्त्वाचा असून तेथें उत्पत्ति नाहीं, नाश नाहीं, केवळ वर्तुळाकार अखंड गति आहे. हीं मतें वेडगळ नव्हेत. दगड पिसापूर्वीं जमिनीवर येतो हें कोणास दिसत नाहीं? तारे पिढ्यान्‌पिढ्या आपल्या जागीं दिसतात हें कोणास नाकबूल आहे? दोष असा कीं, डोळ्यांस स्थूलमानानें जें दिसलें त्यावरून बुद्धीनें एकदम सर्वव्यापी नियम बांधला, आणि नियम बांधल्यावर ‘किती?’ हा प्रश्न विचारण्यासाठीं पुन्हां सृष्टीकडे कोणी परत गेला नाहीं. दहापट जड दगड दहापट लवकर पडतो काय? हें पाहण्यास दोन दगड व एक माडी एवढेंच साहित्य लागतें. पण ‘कां?’ या भव्य प्रश्नापुढें ‘किती?’ हा प्रश्न तत्त्ववेत्त्यास क्षुल्लक वाटला. तो कारकुनाचा प्रश्न होता, तोलाऱ्याचा प्रश्न होता, पंडिताचा नव्हता.

तरीहि सगळा दोष ॲरिस्टॉटलच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. त्याहून मोठा दोष त्याच्या शिष्यांचा. अलेक्झांड्रिया येथील फिलोपोनस नांवाच्या पंडितानें सहाव्या शतकांतच लिहून ठेविलें होतें कीं, वजनांत पुष्कळ अंतर असलेल्या दोन वस्तु एकाच उंचीवरून सोडल्या तर त्यांच्या पडण्याच्या वेळांत जवळजवळ कांहींच अंतर दिसत नाहीं. बसरा येथें जन्मलेल्या इब्न अल्‌-हैथम यानें अकराव्या शतकाच्या आरंभीं, डोळ्यांतून किरण बाहेर पडून वस्तूस स्पर्श करतात हें युक्लिड व टॉलेमी यांचें मत खोडून काढून, वस्तूपासूनच प्रकाश डोळ्यांत येतो असें प्रयोगांच्या आधारें प्रतिपादिलें. इतकेंच नव्हे, तर टॉलेमीच्या ज्योतिषावरील शंकांचा एक स्वतंत्र ग्रंथहि लिहिला. म्हणजे शंका घेणारे होते; पण विद्यापीठांचा ओघ दुसरीकडे चालला होता. पॅरिस येथें सन १२१० मध्यें ॲरिस्टॉटलचे सृष्टिविषयक ग्रंथ शिकविण्यास धर्माधिकाऱ्यांनीं बंदी घातली, आणि सन १२५५ मध्यें त्याच पॅरिसच्या विद्यापीठांत तेच ग्रंथ सक्तीनें शिकविण्याचा नियम झाला! पंचेचाळीस वर्षांत जो ग्रंथ त्याज्य होता तो पूज्य झाला. मधल्या काळांत दगडांचें पडणें बदललें नव्हतें. बदललें होतें तें केवळ ग्रंथाविषयींचें फर्मान. ग्रंथ जाळावयाचा कीं पुजावयाचा, एवढाच जेथें वाद असतो, तेथें ग्रंथ तपासावयाचा ही तिसरी वाट कोणासच सुचत नाहीं.

आम्ही कायद्याचा अभ्यास केलेला असल्यामुळें ही स्थिति आम्हांस न्यायालयाच्या भाषेंत सांगणें सोपें वाटतें. ‘अमक्यानें मला असें सांगितलें’ हा ऐकीव पुरावा होय. सांगणारा कितीहि थोर असला तरी न्यायालय साधारणतः म्हणतें, ज्यानें प्रत्यक्ष पाहिलें त्यास पिंजऱ्यांत उभा करा व त्याची उलटतपासणी होऊं द्या. मध्ययुगीन विद्यापीठांत सृष्टि ही मुख्य साक्षीदार दाराबाहेर उभी होती, आणि आंत तिच्या नांवानें दीड हजारांहून अधिक वर्षांमागच्या गृहस्थाची जबानी वाचून दाखविली जात होती. अर्वाचीन शास्त्राचा जन्म म्हणजे दुसरें तिसरें कांहीं नसून या साक्षीदारास आंत बोलावून तिची उलटतपासणी घेण्याचा ठराव होय.

हा ठराव अमलांत आणणाऱ्यांपैकीं एकजण व्यापाऱ्यांच्या पेढीवरूनच आला, हें आमच्या वाचकांस ऐकून संतोष वाटेल. सायमन स्टेव्हिन हा अँटवर्प शहरीं जमाखर्च ठेवणारा कारकून होता. सन १५८२ मध्यें त्यानें व्याजाचीं कोष्टकें छापलीं. तोंपर्यंत सावकार अशीं कोष्टकें गुप्त ठेवीत असत. सन १५८५ मध्यें त्यानें दशांश अपूर्णांकांवर एक लहानसें पुस्तक लिहिलें, व त्यांत व्यापारी, मोजणीदार इत्यादिकांस हिशोबाची सोपी रीत दाखविली. आणि सन १५८६ मध्यें वजन करण्याच्या विद्येवर त्यानें जो ग्रंथ लिहिला, त्याच्या पुरवणींत पुढील हकीकत दिली आहे. त्यानें व त्याचा मित्र यान कॉर्नेट्स द ग्रोट यानें शिशाचे दोन गोळे घेतले. एक दुसऱ्याच्या दहापट जड. ते सुमारें तीस फूट उंचीवरून खालीं ठेवलेल्या फळीवर एकदम सोडले. दोहोंचा आवाज एकच झाला असें कानास वाटलें. सुमारें एकोणीस शतकें जो सिद्धांत अढळ मानला गेला त्याचा निकाल लागण्यास किती खर्च आला? दोन शिशाचे गोळे व एक लांकडी फळी! हा प्रयोग अमुक शतकांत होऊं शकला नसता असें कोणासहि म्हणतां येणार नाहीं. शिसें होतें, फळी होती, उंची होती. नव्हता तो विचारण्याचा धीर.

गॅलिलिओनें (१५६४–१६४२) हीच उलटतपासणी पुढें चालविली. पिसा येथील कलत्या मनोऱ्यावरून त्यानें गोळे टाकल्याची कथा प्रसिद्ध आहे. पण ती त्याच्या शिष्यानें मागाहून लिहिलेली असून तिच्या खरेपणाविषयीं इतिहासकारांस शंका आहे. तपासून घ्या असें सांगणाऱ्या पुरुषाच्या चरित्रांतहि कथा न तपासतां घेऊं नये, हें योग्यच आहे. त्याचा खरा प्रयोग त्याच्या सन १६३८ च्या ग्रंथांत आहे व तो मनोऱ्याहून अधिक मनोरंजक आहे. सरळ खालीं पडणाऱ्या वस्तूचा वेग मोजण्यास त्या काळीं घड्याळ नव्हतें. म्हणून त्यानें सुमारें बारा हात लांबीची एक तुळई घेऊन तींत गुळगुळीत खोबण पाडली, तुळई किंचित् कलती केली, व तींतून कांशाचा गोळा सोडला, म्हणजे पडणें जणूं संथ झालें. आणि वेळ कसा मोजला? उंचावर पाण्याचें मोठें भांडें ठेवून त्यास बारीक नळी बसविली. गोळा धांवत असतां जेवढें पाणी नळींतून पेल्यांत पडलें, तेवढें नाजूक तराजूंत तोललें. काळ, जो आजवर तत्त्ववेत्त्यांच्या चर्चेचा विषय होता, तो गॅलिलिओनें पाण्याच्या रूपानें पारड्यांत घातला! शंभर वेळां प्रयोग करून त्यास आढळलें कीं, वेळ दुप्पट झाला तर अंतर चौपट होतें, तिप्पट झाला तर नऊपट. अंतर हें काळाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें. गोळा ‘कां’ खालीं धांवतो हा प्रश्न त्यानें तूर्त बाजूस ठेवला; ‘कसा व किती’ एवढेंच सांगितलें. प्रश्न लहान केला, आणि उत्तर पक्कें मिळालें. या एका वाक्यांत ग्रीक तत्त्वज्ञान व अर्वाचीन शास्त्र यांमधील अंतर सांठविलेलें आहे.

आकाशांतहि तेंच घडलें. सन १५७२ मध्यें शर्मिष्ठा नक्षत्रांत एक नवा तारा प्रकटला. टायको ब्राहे यानें तो मोजला, व चंद्राच्या पलीकडचा ठरविला. सन १५७७ च्या धूमकेतूचीहि तीच गत झाली. जेथें कांहीं उपजत नाहीं व नाश पावत नाहीं असें सांगितलें होतें, तेथें नवें येतें व जातें असें ठरलें. टायकोचे वेध हातीं आल्यावर केप्लरनें मंगळाची कक्षा वर्तुळांत बसविण्याची वर्षानुवर्षें खटपट केली. अखेर एक वर्तुळ जवळजवळ बसलें. चूक राहिली केवळ आठ कलांची. आठ कला म्हणजे पूर्ण चंद्रबिंबाच्या व्यासाचा सुमारें चौथा हिस्सा. दुसऱ्या कोणी म्हटलें असतें, जाऊं द्या, आठ कलांसाठीं प्लेटोपासून चालत आलेलें वर्तुळ कोण मोडतो? केप्लर म्हणाला, टायकोच्या वेधांत आठ कलांची चूक असणें शक्य नाहीं. म्हणून वर्तुळच जावें. सन १६०९ मध्यें त्यानें ग्रहांची कक्षा दीर्घवर्तुळाकार आहे असें जाहीर केलें. वर्तुळ केप्लरलाहि प्रिय होतें. तो काय कोणा ग्रीकाचा वैरी होता? पण खातेवहींत दमडीचा फरक राहिला तर रात्रभर दिवा जाळणाऱ्या प्रामाणिक मुनिमाप्रमाणें त्यानें आठ कलांचा हिशोब सोडला नाहीं.

वैद्यकांतील उदाहरण याहून जिव्हाळ्याचें आहे, कारण तेथें चुकीची किंमत रोग्याच्या प्राणानें भरावी लागते. ग्रीक वैद्य गेलेन यानें माणसाचें प्रेत फाडून नव्हे, तर मुख्यत्वें माकडें व इतर जनावरें फाडून मनुष्यशरीराचें वर्णन केलें होतें. व्हेसेलियसनें सन १५४३ मध्यें, म्हणजे कोपर्निकसचा ग्रंथ निघाला त्याच वर्षीं, प्रत्यक्ष मानवी शरीर पाहून दाखविलें कीं खालचा जबडा गेलेन म्हणतो त्याप्रमाणें दोन हाडांचा नसून एकाच हाडाचा आहे. त्यापूर्वींच्या पाठशाळांत अध्यापक उंच आसनावर बसून गेलेनचा ग्रंथ वाची, खालीं दुसराच मनुष्य प्रेत फाडी, आणि ग्रंथ व प्रेत यांत विरोध आला तर खोटें कोण पडत असेल हें सांगणें नको! पुढें गेलेनचा असाहि सिद्धांत होता कीं, अन्नापासून यकृतांत सतत नवें रक्त बनतें व तें शरीरांत खर्ची पडतें. विल्यम हार्वेनें सन १६२८ मध्यें येथें साधा गुणाकार केला. हृदयाच्या एका ठोक्यास अर्धाच औंस रक्त बाहेर पडतें असें धरा. अर्ध्या तासांत ठोके हजार धरा. म्हणजे पांचशें औंस, चौदा-पंधरा किलो रक्त अर्ध्या तासांत झालें! इतकें रक्त कोणत्या अन्नापासून बनलें, आणि गेलें कोठें? सगळ्या शरीरांत मिळून रक्त पांच लिटरांच्या आसपास. तेव्हां तेंच रक्त फिरून फिरून हृदयांत येतें, यावांचून दुसरा हिशोब जुळत नाहीं. जो गुणाकार आमच्या बाजारपेठेंतील पोरगा तोंडीं करील, तो चौदाशें वर्षें वैद्यकाच्या पंडितांनीं केला नव्हता.

या इतिहासाचा एक अंक आपल्याच किनाऱ्यावर घडला, ही गोष्ट मात्र पुष्कळांस ठाऊक नाहीं. गार्सिया द ओर्ता नांवाचा पोर्तुगीज वैद्य सन १५३४ मध्यें गोव्यास आला व अखेरपर्यंत तेथेंच राहिला. मुंबई बेटाचा भोगवटा त्यास कांहीं काळ मिळालेला होता, आणि अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाची चिकित्साहि त्यानें केली. इकडच्या वैद्य-हकिमांशीं व व्यापाऱ्यांशीं बोलून, औषधी वनस्पति स्वतः पाहून त्यानें एक संवादरूप ग्रंथ लिहिला. तो सन १५६३ मध्यें गोव्यांतच छापला गेला. त्यांत युरोपांतून नुकताच आलेला एक पंडित पदोपदीं डायोस्कोरिडीस व गेलेन यांची साक्ष काढतो, आणि ओर्ता त्यास पदोपदीं सांगतो कीं, मीं येथें जें डोळ्यांनीं पाहिलें तें असें आहे. दालचिनीविषयीं प्राचीनांनीं रचलेल्या अद्‌भुत कथा आपल्या किनाऱ्यावरील बाजारांत एक क्षणभरहि टिकण्यासारख्या नव्हत्या! ओर्ता मूळचा यहुदी घराण्यांतला. तो सन १५६८ मध्यें वारला, आणि सन १५८० मध्यें गोव्याच्या धर्मन्यायासनानें, तो गुप्तपणें यहुदी धर्म पाळीत होता या आरोपावरून, त्याचीं हाडें थडग्यांतून उकरून जाळलीं. दालचिनीविषयींच्या त्याच्या मताबद्दल ही शिक्षा नव्हती हें आम्ही स्पष्ट सांगतों, कारण पुराव्यापेक्षां अधिक बोलणें आमच्या पक्षास शोभत नाहीं. परंतु मनुष्याच्या श्रद्धेवर जेथें न्यायासन बसतें, तेथें त्याची जिज्ञासा किती दिवस सुरक्षित राहते? गॅलिलिओस सन १६३३ मध्यें रोम येथें गुडघे टेकून पृथ्वी फिरते हें मत सोडावें लागलें, व पुढें मरेपर्यंत नजरकैदेंत राहावें लागलें. याचें उत्तर त्यांतच आहे.

येथें दुसऱ्या पक्षाचा, म्हणजे फारकत झालीच नाहीं असें म्हणणारांचा, आक्षेप ऐकून घेतला पाहिजे. आणि त्यांत तथ्य आहे. गॅलिलिओ ज्यास गुरु मानी तो आर्किमिडीस ग्रीकच. सूर्य मध्यें व पृथ्वी त्याभोंवतीं असें कोपर्निकसच्या अठरा शतकें आधीं सांगणारा सामॉसचा ॲरिस्टार्कस ग्रीकच. परमाणूंची कल्पना डेमॉक्रिटसची. न्यूटननें सन १६८७ मध्यें आपला महाग्रंथ ज्या भूमितीच्या पद्धतीनें मांडला ती युक्लिडची. हार्वे तर ॲरिस्टॉटलचा मोठा चाहता होता. मग टाकलें काय? आम्ही उत्तर देतों: ग्रीकांचे प्रश्न टाकले नाहींत, ग्रीकांचें गणित टाकलें नाहीं, ग्रीकांची तर्कशुद्धता टाकली नाहीं, टाकला तो ग्रीकांचा अधिकार. दुसरें, आकाशास एक कायदा व पृथ्वीस दुसरा, हा भेद टाकला. खालीं पडणारें फळ व वर फिरणारा चंद्र यांस न्यूटननें एकाच गुरुत्वाच्या कायद्याखालीं आणलें. आणि तिसरें, सृष्टीस मनुष्याप्रमाणें इच्छा व तिटकारा आहे असें मानणें टाकलें. ‘निसर्गास पोकळीचा तिटकारा आहे’ असें शाळांतून शिकवीत. पास्कालच्या सूचनेवरून त्याचा मेहुणा सन १६४८ मध्यें पाऱ्याची नळी घेऊन प्वी द डोम नांवाच्या डोंगरावर चढला. माथ्यावर पारा सुमारें आठ सेंटिमीटर खालीं उतरला. डोंगरावर निसर्गाचा तिटकारा कमी होतो काय? छे, वर हवेचा भार कमी, एवढेंच. तिटकारा गेला आणि तेथें वजन आलें.

कोणी म्हणेल, मग ॲरिस्टॉटलच्या गादीवर गॅलिलिओ व न्यूटन बसले, एवढाच फरक झाला. तसें असतें तर हा लेख लिहिण्याचें कारणच नव्हतें. दुर्बिणींतून गुरूचे चंद्र दाखविले असतां पाडुआ येथील ॲरिस्टॉटलपंथी पंडित क्रेमोनिनी हा पाहण्यास राजी झाला नाहीं, म्हणून आपण त्यास हंसतों. परंतु भरती-ओहोटीचें कारण चंद्र आहे हें म्हणणें गॅलिलिओनेंहि धुडकावून लावलें होतें, आणि केप्लरचीं दीर्घवर्तुळें त्यानें अखेरपर्यंत पत्करलीं नाहींत. मग शास्त्रानें काय केलें? गॅलिलिओचा गोळा ठेवला, त्याची भरती-ओहोटी टाकली. न्यूटनच्या नियमाप्रमाणें बुधाच्या कक्षेचा हिशोब शंभर वर्षांत ४३ विकलांनीं चुकतो असें दिसून आलें. सन १९१५ मध्यें आइन्स्टाइननें त्या ४३ विकलांचा हिशोब लावला, आणि न्यूटनचा सिद्धांत मर्यादित झाला. ज्या तराजूनें आठ कलांसाठीं प्लेटोचें वर्तुळ मोडलें, त्याच तराजूनें ४३ विकलांसाठीं न्यूटनलाहि तोललें. गादी रिकामी ठेवणें, हाच या नव्या राज्याचा कायदा आहे. आणि गॅलिलिओचा जो निकाल खरा होता तो तीनशें वर्षांनींहि खराच ठरला. सन १९७१ मध्यें चंद्रावर, जेथें हवेचा अडथळा नाहीं, डेव्हिड स्कॉट या अंतराळवीरानें हातोडा व पीस एकदम सोडलें, आणि दोन्हीं एकदमच खालीं टेकलीं.

आतां हें सर्व आम्ही येथें कां सांगितलें? आमच्याकडे तराजू नव्हता म्हणून नव्हे. कोंकणांतील नांदगांवचे केशव दैवज्ञ यांनीं स्वतः वेध घेऊन जुन्या गणिताचा व आकाशाचा मेळ बसतो कीं नाहीं हें तपासलें; त्यांचे चिरंजीव गणेश दैवज्ञ यांनीं सन १५२० च्या सुमारास ‘ग्रहलाघव’ रचला. दृक्प्रत्यय, म्हणजे गणितानें काढलेला ग्रह डोळ्यांस त्याच जागीं दिसणें, ही कसोटी आमच्याच ज्योतिष्यांची आहे. परंतु पुढें काय झालें? आकाश तपासून केलेला तो ग्रंथ आकाश न तपासतां शतकानुशतकें घोकला गेला. आणि केरो लक्ष्मण छत्रे यांनीं सन १८६० मध्यें ‘ग्रहसाधनाचीं कोष्टकें’ प्रसिद्ध करून पंचांगशुद्धीस हात घातला, तेव्हां ‘आकाशांत काय दिसतें’ यापेक्षां ‘पूर्वापार काय चालत आलें’ हाच सवाल पुष्कळांस मोठा वाटला. केशव दैवज्ञांचा खरा वारस कोण? त्यांची पोथी जपणारा कीं त्यांच्याप्रमाणें रात्रीं उठून आकाशाकडे पाहणारा?

आमच्या देशाभिमानी मित्रांस आमचें सांगणें इतकेंच कीं, पूर्वजांचें वचन तोलल्यानें पूर्वजांचा अपमान होतो ही भीति निराधार आहे. युरोपियनांनीं ग्रीकांस तोललें. त्यायोगें ग्रीकांची कीर्ति कमी झाली काय? युक्लिडचे सिद्धांत आजहि जगांतील प्रत्येक शाळेंत शिकविले जातात, कारण ते तराजूस उतरले. जें सोनें आहे त्यास कसोटीचें भय नसतें. भय असतें तें मुलामा दिलेल्या पितळेस. उलट पक्षीं, आमच्या सुधारक मित्रांसहि एक शब्द सांगणें अवश्य आहे. ‘आमच्या पोथींत आहे’ या वाक्याच्या जागीं ‘परदेशांतील शास्त्रज्ञ म्हणतात’ हें वाक्य घातल्यानें सुधारणा होत नाहीं. तेथेंहि वचनच आलें, केवळ वक्ता बदलला. शास्त्रज्ञाचें म्हणणें मान्य करावें तें त्याच्या पदवीकडे पाहून नव्हे, तर त्यानें आपला तराजू उघड्यावर टांगला असून कोणासहि त्यांत फेरतोल करण्याची मोकळीक ठेविली आहे म्हणून. जो औषध विकतो पण तपासूं देत नाहीं, जो भविष्य सांगतो पण चुकलेल्या भविष्यांचा हिशोब ठेवीत नाहीं, तो भगव्या वस्त्रांत असो वा पांढऱ्या डगल्यांत असो, त्याची गिऱ्हाइकी सारख्याच दर्जाची समजावी.

सन १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनें विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन वाढविणें हें प्रत्येक नागरिकाचें मूलभूत कर्तव्य म्हणून आपल्या संविधानांत लिहिलें गेलें. परंतु कायद्याच्या पुस्तकांत लिहिलेलें कर्तव्य आपोआप आचरणांत उतरत नाहीं, हें वकिलाइतकें दुसरें कोण जाणतो? त्यास रोजची संवय लागते. आणि ती संवय आमच्या व्यापारी बंधूंस नव्यानें शिकवावयाची नाहीं. पेढीवर ती त्यांच्या हाताच्या बोटांत आहे. घरांत मूल तापानें फणफणत असतां कोणी अंगारा पुढें केला, मुलीच्या पत्रिकेंत कोणी दोष काढला, किंवा कोणी ‘हें सर्व प्राचीनांस ठाऊक होतेंच’ असें छातीवर हात ठेवून सांगितलें, तर रागावूं नये, भांडूंहि नये, गुळाच्या ढेपेसंबंधानें जें रोज नम्रपणें बोलतां तेंच बोलावें: ‘ठीक आहे, आधीं पारड्यांत घाला.’